दोन सिगारेटींचा पाव

आमच्या बेकरीत घड्याळ आहे. मैद्याच्या पोत्यांच्या वर, भिंतीवर, चांगलं ताटाएवढं. पण आमच्या ह्यांनी एकतीस वर्षांत कामासाठी म्हणून त्याच्याकडे एकदा जरी मान वर करून बघितलं असेल तर शपथ. ह्यांचं माप एकच, सिगारेट. गोल पाव दोन सिगारेटींत भाजून होतो. बिस्किटं एका सिगारेटीत, पण ती सावकाश ओढायची. टोस्टला तीन लागतात, आणि चौथी पेटवून अर्ध्यावर विझवायची, ती उरलेली अर्धी कानावर ठेवायची. केकला किती लागतात ते मला कधी कळलं नाही, कारण केक असला की हे बोलतच नसत.

पद्धत अशी. ट्रे भट्टीत सारायचा, मागचं दार उघडून गल्लीतल्या पायरीवर बसायचं, काडी ओढायची आणि शेवटचा झुरका झाला की उठून ट्रे बाहेर काढायचा. आणि खोटं कशाला बोलू, एवढ्या वर्षांत पाव ना कधी कच्चा राहिला ना कधी करपला. लोक लांबून यायचे. मी दुकानात काउंटरवर उभी असायची आणि लोक पावाची स्तुती करायचे, तेव्हा माझ्या मनात यायचं, लोकांना कुठं ठाऊक आहे की आपण धुरावर मोजलेला पाव खातोय.

मी ह्या सिगारेटींच्या विरोधात लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आहे. पहिल्या दिवशी पाहुणे होते म्हणून गप्प बसले. मी स्वभावानं तापट आहे, हे मी आताच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. माझ्या सासूबाई म्हणतात की आमच्या घरात भट्ट्या दोन आहेत आणि त्यातली एकच विझते. म्हणू देत. त्यांच्या मुलाच्या फुप्फुसांची काळजी त्यांनी वेळेवर केली असती तर मला एवढं तापावं लागलं नसतं.

तर गेल्या वर्षी ह्यांची डावी पोटरी दुखायला लागली. शंभर पावलं चाललं की गोळा यायचा, थांबलं की जायचा. हे म्हणाले, उभं राहून राहून होतं. मी म्हटलं, मग उभी मीही असते. शेवटी मी ह्यांना दवाखान्यात नेलं, म्हणजे अक्षरशः नेलं, दंडाला धरून, मध्ये चारदा थांबत.

डॉक्टरांनी पायाची तपासणी केली, यंत्रावर आतल्या नसांची चित्रं काढली आणि मग एक लांबलचक कागद घेऊन प्रश्न विचारायला बसले. व्यायाम काय करता? हे म्हणाले, मैद्याची पोती उचलतो. जेवणात काय असतं? पाव. भाजी? पावाबरोबर असते कधीकधी. वजन वाढलंय का? कपडे आटलेत. झोप लागते का? लागते, पण उठवतात. मनावर ताण असतो का? ह्या प्रश्नावर ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला अजून समजलेलं नाही.

मग सिगारेटीचा प्रश्न आला. दिवसाला बावीस, हे म्हणाले. मी म्हटलं, टोस्टच्या दिवशी एकतीस.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. पायाकडे रक्त नेणारी नळी आतून जवळजवळ बुजली होती. साखर, रक्तदाब, बसून-उभं राहून काढलेलं आयुष्य, सगळ्याचा थोडाथोडा हात होता, पण मोठा हात सिगारेटीचा. ऑपरेशन करून रक्ताला दुसरी वाट घालून देता येईल, पण सिगारेट चालू असेल तर ते सुरी हातात घेणार नव्हते. नवी वाट महिन्याभरात बुजली असती आणि मग पाय गुडघ्याखाली कापावा लागला असता. सहा आठवडे एकही सिगारेट नको. सहा आठवडे झाले की ऑपरेशनची तारीख.

आता तोंडी हमी कोण ऐकणार? म्हणून त्यांच्याकडे एक यंत्र होतं. शेजारच्या खोलीत एक नर्सबाई बसायच्या, त्यांच्या हातात मोबाईलएवढी डबी. तिला कागदी नळी लावायची, श्वास रोखून धरायचा आणि शेवटपर्यंत फुंकायचं. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात एक वायू असतो, तो किती आहे याचा आकडा डबी दाखवते. न ओढणाऱ्याचा सहाच्या आत. ह्यांनी फुंकलं, सत्तावीस आला. दर दोन आठवड्यांनी येऊन फुंकायचं ठरलं.

बाहेर आल्यावर फाटकापाशी ह्यांनी खिशातलं सिगारेटींचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. चेहरा असा उतरला होता की मला भरून आलं, पण मी ते दाखवलं नाही. घरी येऊन आणखी तीन पाकिटं शोधली. एक केकच्या साच्यात, एक वजनकाट्याखाली आणि एक सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात. सासूबाई म्हणाल्या, मला वाटलं नवीन गोळ्या आहेत.

आणि मग आमच्या पावाचे हाल सुरू झाले.

पहिल्या दिवशी ह्यांनी ट्रे आत सारला, सवयीनं पायरीवर जाऊन बसले, आणि बसूनच राहिले. उठायचं कधी हे सांगणारं हातात काही नव्हतं. मी दुकानातून वास आला म्हणून धावत आले तेव्हा आतला पाव कोळशाच्या भावाचा झाला होता. दुसऱ्या दिवशी धसका घेऊन लवकर काढला, तर आतून पिठाचा गोळा. गिऱ्हाइकं सभ्य होती, पहिले दोन दिवस त्यांनी आमच्या तब्येतीची चौकशी केली. तिसऱ्या दिवसापासून पावाची करायला लागली.

मी म्हटलं, घड्याळ कशाला टांगलंय? सांगा मला, एक सिगारेट म्हणजे किती मिनिटं? हे म्हणाले, ते दिवसावर असतं. भट्टी तापलेली असेल तर सिगारेट पटकन संपते, लाकूड ओलं असेल तर पुरवून ओढायची, हवा कुंद असेल तर मधे एकदा विझू द्यायची. म्हणजे हा माणूस एकतीस वर्षं भट्टीच्या तालावर ओढत होता आणि मला वाटत होतं हे मजा करतायत. तरी मी हट्टानं सात मिनिटं धरली. सात मिनिटांत बिस्किटांचा एक ट्रे सोनेरी निघाला आणि त्याच्या मागचा सात मिनिटांत काळाकुट्ट. मी घड्याळापुढे हात टेकले.

मग माझ्या धाकट्या भावाला एक कल्पना सुचली, आणि त्याला कल्पना सुचली की मला आधीच घाम फुटतो. तो म्हणाला, दाजींनी ओढायची नाही ना, मग मी ओढतो, त्यांनी नुसतं माझ्याकडे बघून ट्रे काढायचा. आम्ही इतके टेकीला आलो होतो की मी हो म्हटलं. तो खुर्ची घेऊन पायरीवर बसला. पहिली सिगारेट त्यानं चार मिनिटांत संपवली. दुसरीच्या मध्ये त्याला फोन आला, तो बोलत बसला आणि सिगारेट बोटांतच जळून गेली. त्या दिवशीचा टोस्ट एका गिऱ्हाइकानं परत आणला आणि म्हणाला, हा टेबलाच्या पायाखाली घालून बघितला, छान बसतो. पण तेही एकवेळ चाललं असतं. आमचे हे ट्रे काढायचे सोडून भावाच्या धुराच्या मागं मागं नाक पुढं करून फिरायला लागले. मी भावाला खुर्चीसकट हाकललं.

आणि मग मी ते केलं.

गल्लीच्या पलीकडे एक टपरी आहे. टपरीवाला ह्यांचा जुना दोस्त, मनानं फार प्रेमळ. त्याला ह्यांचे हाल बघवेनात. भट्टीच्या खोलीची खिडकी गल्लीकडे उघडते, तिच्यातून त्यानं एक सिगारेट आत सरकवताना मी डोळ्यांनी पाहिलं. ह्यांनी ती घेतली नाही, तेही पाहिलं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. खिडकीवर जाड पुठ्ठा ठेवून चहूबाजूंनी खिळे ठोकले. तेव्हा जीव शांत झाला.

हे भांडले नाहीत. म्हणाले, ठीक आहे, आता बाहेर जायचंच नाही तर मी भट्टीसमोर बसून पावाकडेच बघतो. त्यांनी स्टूल घेतलं, भट्टीच्या तोंडाशी मांडलं आणि ट्रे आत सारला की रंग बदलेपर्यंत नजर हलवायची नाही असं सुरू केलं. आणि काय सांगू, पाव सुधारला. दोन दिवसांत पूर्वीसारखा झाला, चार दिवसांत पूर्वीपेक्षा चांगला. पण माझा विश्वास कुणावर असायला मी काय साधी आहे? मी दुकानात सासूबाईंना बसवलं आणि माझं स्टूल ह्यांच्या स्टुलाशेजारी मांडलं. सकाळी भट्टी पेटल्यापासून दुपारी विझेपर्यंत मी डोळ्यात तेल घालून तिथं बसायची. भाजी तिथंच चिरायची, तांदूळ तिथंच निवडायचे.

डोकी मात्र दुखायला लागली. ह्यांचं दुखायचं, ते सिगारेट सोडल्यामुळे. नर्सबाईंनी तसं सांगितलंच होतं की डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप येईल. माझंही दुखायचं, ते ह्यांच्यामुळे. सासूबाई एकदा चहा घेऊन आत आल्या, दहा मिनिटं टेकल्या आणि कपाळ धरून परत गेल्या. त्यांचं वयामुळे. सगळ्यांची कारणं तयार होती, त्यामुळे कुणाला काळजी वाटली नाही.

दोन आठवडे झाले. आम्ही फुंकायला गेलो. मी घरून निघतानाच ठरवलं होतं की आकडा तीन आला तर परतताना ह्यांना नवा शर्ट घ्यायचा. आकडा सोळा आला.

नर्सबाई म्हणाल्या, चांगली प्रगती आहे, आता दिवसाला किती उरल्यात? हे म्हणाले, एकही नाही. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुटते, त्याची लाज नाही, पण खोटं सांगू नका, पाय तुमचा आहे.

घरी आल्यावर मी काय केलं ते सांगायला मला आज बरं वाटत नाही, तरी सांगते. मी ह्यांचे खिसे उलटे केले. चपला झटकल्या. मैद्याच्या पोत्यांत कोपरापर्यंत हात घालून बघितलं, चाळणीनं साखर चाळली, भट्टीची राख उपसली. ह्यांचे हात हुंगले, केस हुंगले, आणि सकाळी उठल्या उठल्या तोंडही. काहीच सापडलं नाही, त्यामुळे माझा संशय जास्तच वाढला. एवढ्या शिताफीनं लपवणारा माणूस एकतीस वर्षांत आणखी काय काय लपवून बसला असेल, इथपर्यंत माझी मजल गेली.

हे म्हणाले, “मी ओढलेली नाही. तुझी शपथ.”

मी म्हटलं, “माझी शपथ घालू नका. मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं?”

त्यावर ते एवढंसं तोंड करून स्टुलावर जाऊन बसले. चार दिवस कामापुरतं बोलले. मी म्हटलं, बघा, चोरी पकडली की माणूस असा गप्प होतो. आणि मी बंदोबस्त वाढवला. टपरीवरचा धूर दाराच्या फटीतून आत येतो आणि ह्यांना मोह होतो असं माझ्या मनानं घेतलं, म्हणून जुनी चादर फाडून मी दाराच्या खालच्या आणि वरच्या फटीत कोंबली. आता मुंगीला आत यायचं तर परवानगी घ्यावी लागली असती.

चौथ्या आठवड्यात आकडा आला एकोणीस.

कमी व्हायचं सोडून वाढला होता. डॉक्टर पहिल्यांदा चिडले. म्हणाले, ऑपरेशनसाठी लोक रांगेत आहेत. अजून दोन आठवडे देतो, तेव्हा सहाच्या आत आला नाही तर तुमचं नाव यादीतून काढतो, मग पायाचं जे व्हायचं ते होईल. हे खुर्चीत बसून स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होते. परत येताना आता शंभर नाही, साठ पावलांवर थांबायला लागत होतं. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझं न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट असतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

ते दोन आठवडे मी स्टुलावरून हलले नाही. जेवण तिथंच, डुलकी तिथंच. डोकं असं ठणकायचं की तांदळातले खडे दोन-दोन दिसायचे. रात्री मला रडू यायचं. पाय जाणार ह्याचं यायचं, आणि माझ्याशी खोटं बोलून घालवणार ह्याचं त्याहून जास्त यायचं.

सहावा आठवडा संपला त्या सकाळी भट्टीतला पहिला घाणा काढून आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी नळी लावली. ह्यांनी डोळे मिटून श्वास धरला आणि फुंकलं. डबीनं सावकाश मोजलं. बावीस.

माझ्या डोक्याची शीरच उठली. खोलीत आणखी दोन माणसं होती, त्यांच्यासमोर मी ह्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नर्सबाई मला शांत करायला म्हणाल्या की कदाचित नीट फुंकलं नसेल. मी म्हटलं, फुंकण्यात काय अक्कल लागते? द्या ती नळी इकडे. निर्व्यसनी माणसाचा श्वास कसा असतो तो ह्यांना एकदा दाखवते, म्हणजे ह्यांचीही खात्री पटेल आणि तुमचीही. आणि मी ती डबी जवळजवळ हिसकावूनच घेतली. चांगला छातीभर श्वास घेतला, धरला आणि असं फुंकलं की टेबलावरचे कागद उडाले.

सव्वीस.

नर्सबाईंनी डबी हलवली. नवी नळी लावली. मी पुन्हा फुंकलं. सव्वीस. त्यांनी स्वतः फुंकून बघितलं, त्यांचा आला दोन. खोलीतली ती दोन माणसं खुर्च्या जरा पुढं ओढून बसली.

मग नर्सबाई माझ्याजवळ सरकल्या, आवाज खाली केला आणि अगदी मायेनं विचारलं, “दिवसाला किती?”

मला बोलता येईना. खरंच सांगते, ह्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप बसलं. मी नाही म्हणणार, तर नाही म्हणणारी माणसं त्या रोज बघत होत्या. माझ्या घरातही एक होतं. मी चार आठवडे त्याच्या नाहीचं काय केलं ते मला माहीत होतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि मी तिथं हातात डबी धरून उभी राहिले.

तेव्हा मागून हे बोलले. “हिनं जन्मात सिगारेट ओढलेली नाही. लिहून घ्या.”

नर्सबाई म्हणाल्या, “पण मशीन तर...”

“मशीनला काय म्हणायचं ते म्हणू दे. मी सांगतोय ना.”

एवढंच. आवाज चढवला नाही, शपथ घातली नाही. ज्या माणसाच्या चपला मी झटकल्या होत्या, त्याला माझ्याबद्दल एवढं सांगायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर मी डबीसकट आत गेले असते.

मी म्हटलं, “आणि ह्यांनी सहा आठवड्यांत एकही ओढलेली नाही. हेही लिहून घ्या.”

कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी सांगते म्हणून. आता एका कागदावर दोन आरोपी एकमेकांची साक्ष काढतायत म्हटल्यावर नर्सबाईंनी पेन ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टरांनी दोन्ही आकडे बघितले. मग आमच्या कपड्यांकडे बघितलं. माझ्या पदरावर राख होती. ते खुर्ची ओढून बसले आणि भलतेच प्रश्न विचारायला लागले. भट्टी कशावर चालते? लाकडावर. तुम्ही कुठं बसता? समोर. किती वेळ? सकाळपासून दुपारपर्यंत. दोघंही? दोघंही, पण ही जास्त वेळ, मी मध्ये दुकानात पाव पोहोचवायला जातो. डोकी दुखतात का? आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली.

खोलीला दार-खिडकी आहे ना, डॉक्टरांनी विचारलं. हे म्हणाले, आहे, पण बंद असते. का? हे जमिनीकडे बघत म्हणाले, “गार वारा येतो हो.”

भट्टीसमोर बसून गार वारा. माझ्यासाठी एवढं खोटं बोलताना ह्यांना दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, “मी बंद केलंय. कुलूप घातलं, खिळे ठोकले आणि फटीत चादर कोंबली.”

डॉक्टरांनी दोन मिनिटं डोळे मिटून घेतले. मग समजावून सांगितलं. सिगारेटीच्या धुरात जो वायू असतो तोच लाकडाच्याही धुरात असतो. त्याला वास नाही, रंग नाही. दार उघडं असताना वारा खेळायचा, धुराडं ओढ घ्यायचं आणि तो वर निघून जायचा. पूर्वी हे दर ट्रेमागं उठून बाहेर जाऊन बसायचे, सिगारेट ओढायला का असेना, पण हवेत बसायचे. मी सगळं बंद केलं, तेव्हा वायूला जायला आम्हा दोघांची छाती तेवढी उरली. ते म्हणाले, अशा बंद खोलीत बसल्या जागी गेलेली माणसं मी बघितली आहेत, तुम्ही पहिल्या घाण्यानंतर उठून इथं आलात हे नशीब समजा.

मी तिथूनच भावाला फोन लावला. भट्टी विझव, कुलूप फोड, खिडकी उपट आणि सासूबाईंना रस्त्यावर आणून बसव. त्यानं हे सगळं इतक्या आनंदानं केलं की खिडकीबरोबर चौकटही काढली. सासूबाई फोनवर आल्या आणि म्हणाल्या की त्या महिनाभर सांगत होत्या, आत जीव घुसमटतो. मी म्हटलं, तुम्ही ते दुकानात बसून मनातल्या मनात सांगत होता.

पण ऑपरेशनचं काय? बावीस तो बावीस. माझा जीव त्यातच अडकला होता. मी डॉक्टरांपुढं हात जोडले. ते म्हणाले, श्वासाचं जाऊ द्या, सिगारेटीचा माग लघवीत राहतो आणि भट्टीचा राहत नाही. ह्यांना एक छोटी बाटली दिली. मलाही दिली, कारण नर्सबाईंचा माझ्यावरचा डोळा अजून हटला नव्हता. मग आम्ही बाकावर बसून वाट बघत राहिलो. ह्यांची बोटं गुडघ्यावर वाजत होती. किती वेळ लागेल, मी विचारलं. हे सवयीनं म्हणाले, एक लागेल. मग जीभ चावली.

नर्सबाई बाहेर आल्या तेव्हा मी उभी राहिले. दोघांचाही निकाल स्वच्छ होता. ह्यांच्या अंगात सिगारेटीचा कणभरही माग नव्हता. डॉक्टरांनी कागदावर तारीख लिहून दिली, पुढच्या महिन्याचा दुसरा मंगळवार. तोवर दार-खिडकी उघडी ठेवायची, धुराडं साफ करून घ्यायचं, रोज थांबत थांबत का होईना चालायचं, आणि पाव जरा कमी, भाजी जरा जास्त. हे म्हणाले, भाजी आता भट्टीसमोर चिरायची नाही ना, मग खाईन.

परतीच्या वाटेवर साठ पावलं झाली आणि आम्ही एका कट्ट्यावर टेकलो. मी कागद उघडून तारीख परत वाचली. मग घडी घातली. मग परत उघडली. मला जे बोलायचं होतं त्याची मला सवय नव्हती, म्हणून उशीर लागत होता.

शेवटी म्हटलं, “माझं चुकलं. मी तुमचा शब्द धरला नाही आणि त्या डबीचा धरला.”

हे पोटरी चोळत राहिले.

मी म्हटलं, “आणि तुम्ही मात्र एका क्षणाचाही विचार न करता माझ्या बाजूनं बोललात.”

“विचार आला होता,” हे म्हणाले. “सव्वीस म्हणजे काय थोडा आकडा आहे? मला वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवता ठेवता हिलाच लागली की काय.”

मी कागद मिटला. “मग तसं का सांगितलंत?”

“आता काय सांगू,” हे उठता उठता म्हणाले, “मला घरी त्या मशीनबरोबर थोडंच जायचं होतं.”